१९१४ चा बोस्टन ब्रेव्हजचा सीझन घरबसल्या कसा बघायचा (वही, पेन्सिल आणि रोजची वीस मिनिटं)

सगळ्यात आधी एक करा, या अमेरिकन बेसबॉल टीमचं विकिपीडियाचं पान उघडू नका. उघडलं असेल तर बंद करा. मी पहिल्यांदा तेच केलं आणि पाच मिनिटांत सगळं कळून चुकलं, तळाला असलेली टीम चॅम्पियन झाली, वा छान, टॅब बंद, विषय संपला. मजा काय आली? काहीच नाही. नंतर दोन वर्षांनी हाच सीझन रोज एक दिवस असा वाचत गेलो तेव्हा जुलै महिन्यात मी चक्क वैतागलो होतो की ही कसली भिकार टीम निवडली आपण, आणि सप्टेंबरात रात्री साडेअकराला बायको झोपलीये म्हणून तोंडावर हात ठेवून ओरडलो होतो. शेवट माहीत असून सुद्धा. तर शेवट माहीत असला तरी चालतं, फक्त उद्या काय झालं ते आज बघायचं नाही. या सगळ्या खटाटोपाचा हा एकच नियम आहे.

कोणी म्हणेल तेव्हा टीव्ही नाही, रेडिओवर कॉमेंट्री नाही, मग बघायचं काय. पण बेसबॉलवाल्यांनी एक काम फार मन लावून केलंय, प्रत्येक मॅचचा हिशोब छापून ठेवलाय. कोणी किती वेळा बॅटिंगला आला, किती हिट मारल्या (हिट म्हणजे ज्या फटक्यावर बॅट्समन सुखरूप बेसवर पोचतो, बेस म्हणजे पळायचे टप्पे, चौथा गाठला की रन), फील्डिंगमध्ये कोणी किती जणांना आउट केलं, सगळं. मी कॉलेजात असताना कांगा लीगच्या मॅचेसना स्कोअरिंग करायचो, पावसात वही छत्रीखाली धरून, त्यामुळे मला असल्या आकड्यांच्या जाळीतून मॅच दिसते. तुम्हाला पण दिसेल, क्रिकेटचं स्कोअरबुक कधी भरलं असेल तर आठवड्याभरात, नसेल तर दोन आठवड्यांत.

साहित्य फार लागत नाही. एक आडवी चौकटींची वही, एक ग्राफ पेपर, पेन्सिल, खोडरबर. इंटरनेटवर दोनच जागा पुरतात. बेसबॉल-रेफरन्स म्हणून साइट आहे तिथे त्या वर्षीचं टीमचं वेळापत्रक आणि निकाल मिळतात, पण ते पान उघडलं की सगळे निकाल एकदम दिसतात, म्हणून मी काय करतो, स्क्रीनवर पुठ्ठा धरतो आणि एकेक ओळ खाली सरकवतो. हसू नका, पुठ्ठ्यासारखं दुसरं काही नाही. दुसरी जागा म्हणजे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या पेपरांचा संग्रह, क्रॉनिकलिंग अमेरिका, फुकट आहे आणि त्यात न्यूयॉर्कचे ट्रिब्यून, सन, ईव्हनिंग वर्ल्ड असे पेपर पानंच्या पानं स्कॅन करून ठेवलेत. सकाळच्या पेपरात आदल्या दिवशीची मॅच असते हे लक्षात ठेवा, ७ सप्टेंबरची मॅच हवी असेल तर ८ चा पेपर. हे मला कळायला तीन दिवस लागले, मी आपला चुकीच्या मॅचचा बॉक्सस्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, वहीत उतरवत बसलो होतो.

आता थोडी पार्श्वभूमी, अगदी थोडी. तेव्हा नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग, प्रत्येकी ८ टीम, सीझन १५४ मॅचचा, एप्रिल ते ऑक्टोबरची सुरुवात. सेमी-फायनल वगैरे भानगड नाही, आपापल्या लीगमध्ये जो पहिला तो सरळ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या फायनलला, आधी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन. म्हणजे १५४ मॅच खेळून दुसरा आलात तर घरी जा. ब्रेव्हज नॅशनल लीगमध्ये, १९०९ पासून १९१२ पर्यंत सलग चार वर्षं आठवे, म्हणजे शेवटचे. १९१२ ला ५२ जिंकले आणि १०१ हरले. १९१३ ला जॉर्ज स्टॉलिंग्ज मॅनेजर म्हणून आला आणि टीम पाचवी आली, त्यावर लोक खूश होते, यावरून अपेक्षा काय होत्या ते समजून घ्या. मालक जेम्स गॅफनी हा न्यूयॉर्कचा कॉन्ट्रॅक्टर, टॅमनी हॉल नावाच्या तिथल्या राजकीय टोळक्यातला, त्या टॅमनीच्या चिन्हावरूनच टीमला ब्रेव्हज नाव पडलं.

या सगळ्यात १९१४ च्या सुरुवातीला एक माणूस आला, जॉनी एव्हर्स, सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा फील्डर. शिकागो कब्जने त्याला मॅनेजर पदावरून काढलं होतं. अंगाने काटकुळा, जिभेने तिखट, अंपायरशी भांडण हा त्याचा रोजचा रियाज, टोपणनाव क्रॅब म्हणजे खेकडा. त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, रॅबिट मॅरनव्हिल, साडेपाच फुटाच्या आत-बाहेरचा पोरगा, उंच उडालेला चेंडू पोटाजवळ ओंजळ करून घ्यायचा. ही दोन नावं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. त्यांच्या खाली तीन पिचर, म्हणजे आपले बोलर, डिक रुडॉल्फ, बिल जेम्स, लेफ्टी टायलर. बाकीचे आपोआप ओळखीचे होतात.

जुलैच्या मध्यापर्यंत बॉक्सस्कोअरच्या वाट्याला जाऊ नका. फक्त निकाल आणि क्रमवारीचा तक्ता. एप्रिल-मेमध्ये बघण्यासारखं काही नाहीच, पहिल्या २२ मॅचमध्ये ४ जिंकल्या, १८ हरल्या. रोज पुठ्ठा सरकवा, हरले, हरले, पावसामुळे रद्द, हरले. या काळात एकच गोष्ट शिकून घ्या, ती म्हणजे गेम्स बिहाइंड. आपल्याकडे पॉइंट टेबल असतं, यांच्याकडे किती मॅच मागे आहे ते मोजतात. पहिल्या टीमच्या विजयांतून आपले विजय वजा करा, आपल्या पराभवांतून पहिल्या टीमचे पराभव वजा करा, दोन्हीची बेरीज, भागिले दोन. अर्धा मॅच मागे असं पण येतं, घाबरू नका, एका टीमने एक मॅच कमी खेळली असेल तर तसं होतं. रोज हा आकडा ग्राफ पेपरवर टिंब देऊन मांडा, आडवी रेघ तारखांची, उभी रेघ किती मागे त्याची, शून्य वर. जून संपेपर्यंत तुमची टिंबं पानाच्या तळाशी गोळा होतील आणि तुम्हाला वाटेल ग्राफ पेपर उलटा धरलाय की काय.

४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, शनिवार. ब्रुकलिनकडून एकाच दिवसात दोन मॅच हरले. २६ विजय, ४० पराभव, आठव्या नंबरवर, पहिल्या नंबरच्या न्यूयॉर्क जायंट्सच्या १५ मॅच मागे. त्यानंतर जाताजाता बफेलोच्या खालच्या लीगमधल्या टीमशी प्रदर्शनीय मॅच खेळले आणि ती पण हरले. म्हणजे रणजीच्या टीमने कॉलेजकडून मार खावा तसं. इथे थांबा. खरंच दोन दिवस वही उघडू नका. त्या वेळच्या बोस्टनच्या माणसाला जसं वाटलं असेल तसं वाटून घ्यायचं तर हीच ती जागा आहे, आणि जे लोक सरळ निकालाकडे पळतात त्यांना हे दोन दिवस मिळत नाहीत.

मग जुलैच्या मध्यापासून बॉक्सस्कोअर सुरू करा. पेपरात दोन टीमचे दोन तक्ते असतात, प्रत्येक खेळाडूपुढे सहा आकडे. पहिला किती वेळा बॅटिंग, दुसरा रन, तिसरा हिट, हे सोपं. चौथा पुटआउट म्हणजे फील्डर म्हणून प्रत्यक्ष कोणाला बाद केलं, पाचवा असिस्ट म्हणजे चेंडू फेकून बाद करण्यात हात, सहावा एरर म्हणजे चूक. क्रिकेटमध्ये आपण कॅच सोडणाऱ्याचं नाव स्कोअरबुकात लिहीत नाही, फक्त शिव्या घालतो, यांनी त्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय. तक्त्याखाली बारीक अक्षरात कोणी डबल मारली म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला, कोणी बेस चोरला म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस घेतला, कोणत्या पिचरने किती जणांना फुकट बेस दिला, किती स्ट्राइकआउट म्हणजे किती जणांना चेंडू मारूच न देता बाद केलं, मॅच किती वेळ चालली, अंपायर कोण. खरी मॅच त्या बारीक अक्षरात असते.

वहीत उतरवताना फील्डरांना नंबर वापरतात, पिचर १, कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉप ६ का आणि थर्ड ५ का हे विचारू नका, पाठ करा. तर वहीत ६-४-३ असं लिहिलं की मॅरनव्हिलने उचलला, एव्हर्सला दिला, एव्हर्सने फर्स्ट बेसला बुच श्मिटकडे, आणि दोन माणसं बाद. हे तीन आकडे मी इतक्यांदा लिहिलेत की माझ्या भाचीने वहीत बघून विचारलं मामा हा कोणाचा फोन नंबर आहे.

एक स्कोअररची युक्ती सांगतो जी मला कांगा लीगच्या एका म्हाताऱ्या स्कोअररमुळे सुचली, ते म्हणायचे बेरीज जुळली नाही तर मॅच झालीच नाही. इथे पुटआउटची बेरीज करायची. एका इनिंगमध्ये प्रत्येक टीमची एकदा बॅटिंग, तीन आउट झाले की संपली. नऊ इनिंग पूर्ण झाल्या असतील तर फील्डिंग करणाऱ्या टीमचे पुटआउट २७ यायला हवेत, तीन गुणिले नऊ. यजमान टीम आधीच पुढे असेल तर ती नवव्यात बॅटिंग करत नाही, मग पाहुण्यांचे २४ च. आणि २५ किंवा २६ आले की समजायचं शेवटच्या इनिंगमध्ये एक किंवा दोन आउट असताना विजयी रन निघाला. बघा, नुसत्या बेरजेवरून कळतं की मॅच शेवटच्या क्षणी जिंकली. एकही शब्द न वाचता. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला गेलो तर तुम्ही मला वेडा म्हणाल.

१९ जुलै, रविवार, सिनसिनाटी. रविवार का महत्त्वाचा, तर बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियात तेव्हा रविवारी धंदेवाईक बेसबॉल चालत नव्हतं, कायद्याने बंदी, पण सिनसिनाटी, शिकागो, सेंट लुइसला चालायचं. म्हणून वहीत रविवारची मॅच दिसली की टीम पश्चिमेच्या दौऱ्यावर आहे हे न सांगता कळतं. त्या दिवशी दोन मॅच जिंकून ब्रेव्हज तळातून बाहेर पडले, आणि दोन दिवसांत चौथे. आठवे ते चौथे दोन दिवसांत, कारण मधल्या टीम एकमेकींना चिकटून होत्या. ग्राफमध्ये मात्र फार फरक दिसत नाही, जायंट्स अजून लांबच असतात, आणि हेच मला आवडतं, नंबर वर जातोय पण अंतर तेवढंच. तक्त्यातला नंबर फसवतो. ग्राफ बघा.

इथून पुढे रोज एक गोष्ट बघायची, पिचरच्या रकान्यात नाव कोणाचं. रुडॉल्फ, जेम्स, टायलर, रुडॉल्फ, जेम्स, टायलर. बास. मध्ये कधीतरी दुसरा कोणी. लोक या सीझनला चमत्कार म्हणतात, स्टॉलिंग्जला मिरॅकल मॅन म्हणायचे, टीम मिरॅकल ब्रेव्हज, मला स्वतःला तो शब्द जरा आळशी वाटतो. वही भरून बघा, चमत्कार कुठे दिसत नाही, तीन माणसांचे हात दिसतात. जेम्स आणि रुडॉल्फ दोघांनी मिळून पन्नासच्या वर मॅच जिंकल्या. जेम्सने त्या वर्षी ३३२ इनिंग टाकल्या. हा आकडा वहीत वेगळा लिहून ठेवा, शेवटी लागेल.

दुसरी बघायची गोष्ट आउटफिल्ड, म्हणजे ते ७, ८, ९. ब्रेव्हजकडे आउटफिल्डचे सात-आठ जण होते आणि त्यातला एक जो कॉनली सोडला तर बॅटिंगमध्ये कोणी फार ग्रेट नव्हता. स्टॉलिंग्ज काय करायचा, समोर उजव्या हाताचा पिचर असेल तर डावखुरे कॉनली, मोरान, गिल्बर्ट खेळवायचा, डावखुरा पिचर आला की मॅन, कॅदर हे उजवे. आपल्याकडे लेफ्ट-राइट कॉम्बिनेशन म्हणतात तसलाच प्रकार, पण इतक्या पद्धतशीर, महिनोन् महिने. वहीत दोन रंगांच्या पेन्सिलींनी डावे-उजवे लिहा, समोरचा पिचर बदलला की सगळा रंग बदलतो, अगदी रांगोळीसारखं दिसतं पान.

जुलै संपता संपता एक विचित्र अनुभव येतो, त्याची तयारी ठेवा. पेपर उघडला की पहिल्या पानावर ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं, जर्मनी, रशिया, बेल्जियम, ४ ऑगस्टला ब्रिटन पण युद्धात. आणि आपण घाईघाईने खेळाच्या पानावर चाललोय, ब्रेव्हजचं काय झालं बघायला. मला दोन-तीन दिवस लाज वाटली, मग लक्षात आलं की त्या दिवशीच्या वाचकाने पण हेच केलं असणार. पहिलं पान पण वाचा, घाई करू नका, रोजची वीस मिनिटं त्यासाठीच आहेत.

ऑगस्टमध्येच टीमचं मैदान पण बदललं. साउथ एंड ग्राउंड्स नावाचं त्यांचं मैदान लहान होतं, गर्दी मावेना, तर शेजारच्या लीगच्या रेड सॉक्सनी आपलं नवंकोरं फेनवे पार्क त्यांना वापरायला दिलं. वहीत घरची मॅच लिहिताना मैदान बदललंय हे नोंदवा.

आता ७ सप्टेंबर. या दिवसाला सुट्टी काढा, निदान रविवार ठेवा. लेबर डे म्हणजे अमेरिकेतली कामगार दिनाची सुट्टी, सोमवार, ब्रेव्हज आणि जायंट्स बरोबरीत, फेनवेवर दोन मॅच, सकाळी एक, दुपारी एक, वेगवेगळी तिकिटं. दोन्ही मिळून ७४ हजारांच्या वर माणसं. सकाळी रुडॉल्फ विरुद्ध क्रिस्टी मॅथ्यूसन, मॅथ्यूसन म्हणजे त्या काळचा देव, नवव्या इनिंगला जायंट्स ४-३ ने पुढे. ब्रेव्हजची शेवटची बॅटिंग, दोन माणसं बेसवर, एव्हर्स समोर, आणि त्याने लेफ्टला मारलेला फटका डबल, दोन रन, ५-४. काटकुळा खेकडा, मॅथ्यूसनला. मी इथेच तोंडावर हात ठेवला होता.

दुपारची मॅच जायंट्सनी १०-१ अशी धुऊन टाकली, पण त्यात एक तमाशा झाला. जायंट्सच्या फ्रेड स्नॉडग्रासला चेंडू लागला, त्याने पिचर टायलरला नाकाला अंगठा लावून वेडावलं, टायलरने मैदानावर उभं राहून चेंडू वर उडवून मुद्दाम हातातून सोडला. आता हे समजायला १९१२ माहीत हवं, त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या मॅचला स्नॉडग्रासच्या हातातून सोपा कॅच सुटला होता आणि ती सिरीज जायंट्स हरले, तो माणूस त्या कॅचमधून आयुष्यभर सुटला नाही. आणि तो कॅच सुटला ह्याच फेनवेवर. प्रेक्षक पेटले, बाटल्या आल्या, आणि बोस्टनचा महापौर जेम्स कर्ली स्वतः मैदानात उतरून म्हणे याला बाहेर काढा. महापौर! बॉक्सस्कोअरमध्ये यातलं काहीच दिसत नाही, फक्त हिट बाय पिचर, स्नॉडग्रास. म्हणून म्हणतो त्या दिवशी तक्त्याबरोबर बातमी पण वाचा.

दुसऱ्या दिवशी जेम्सने ८-३ ने मॅच काढली आणि ब्रेव्हज पहिले. तिथून मागे वळून बघितलं नाही. ९ तारखेला तर जॉर्ज डेव्हिस नावाचा हार्वर्डला वकिली शिकणारा पोरगा पिचिंगला आणला, त्याने फिलाडेल्फिया फिलीजला एकही हिट दिली नाही. नो-हिटर. तुमच्या वहीत समोरच्या टीमचा हिटचा रकाना वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य, ते लिहिताना पण हात थबकतो. सीझन संपला तेव्हा ब्रेव्हज ९४-५९, जायंट्स ८४-७०. गेम्स बिहाइंड काढा बघू. दहा अधिक अकरा, भागिले दोन, साडेदहा. १५ मागे होते ते साडेदहा पुढे. ४ जुलैनंतर ६८ जिंकल्या, १९ हरल्या. ग्राफ पेपर एव्हाना वरून फाटलेला असेल कारण तुम्ही शून्याच्या वर जागाच ठेवली नव्हती. दुसरा चिकटवा.

वर्ल्ड सिरीज मात्र निकालावर भागवू नका, प्रत्येक मॅच एकेक बॅट्समन करत पूर्ण वहीत मांडा, चारच आहेत. समोर मॅनेजर कॉनी मॅकचे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स, १९१०, १९११, १९१३ चे चॅम्पियन, ज्यांच्या इनफिल्डला, म्हणजे ३ ते ६ नंबरच्या चौघांना, लाख डॉलरचं इनफिल्ड म्हणायचे, मॅकिनिस, कॉलिन्स, बॅरी, बेकर. त्यात ब्रेव्हजचा थर्ड बेसमन रेड स्मिथ सीझन संपता संपता पाय मोडून बसला, त्याच्या जागी चार्ली डील, बॅटिंगचा आनंदच. ९ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात रुडॉल्फ ७-१. १० ला जेम्सने पूर्ण मॅचमध्ये दोनच हिट दिल्या, एडी प्लँक पण तितकाच भारी, आठ इनिंग ०-०, नवव्यात कोणी मारावी डबल, तर त्याच डीलने, मग त्याने तिसरा बेस चोरला आणि लेस मॅनच्या हिटवर आत आला. १-०. मॅन का खेळत होता? प्लँक डावखुरा. रंगीत पेन्सिल आठवा. ११ ला रविवार, सुट्टी.

१२ ची मॅच, फेनवे, ही शिकायला सगळ्यात चांगली. दहाव्या इनिंगपर्यंत २-२. दहाव्यात ॲथलेटिक्सनी दोन काढले, त्यातला एक तर एव्हर्स चेंडू हातात घेऊन उभा राहिला तेवढ्यात पळाला, एव्हर्ससारखा माणूस! मग ब्रेव्हजच्या बॅटिंगला कॅचर हँक गाउडीने होमरन मारला, अख्ख्या सिरीजमधला एकमेव होमरन. (त्या काळी चेंडू टप्पा पडून प्रेक्षकांत गेला तरी होमरन धरायचे, जुने आकडे वाचताना हे डोक्यात असू द्या, आणि चेंडू पण असा मऊ पडायचा की होमरन म्हणजे सणासुदीची गोष्ट.) त्याच इनिंगमध्ये कॉनलीच्या उंच फटक्यावर अजून एक रन, ४-४. टायलरला काढून जेम्स आला. बाराव्यात परत गाउडी, डबल. त्याच्या जागी पळायला मॅन. पुढच्याला मुद्दाम फुकट बेस दिला. मोरानने बंट केला म्हणजे चेंडू बॅटने हलकेच टेकवला, पिचर बुशने चेंडू उचलून थर्ड बेसला फेकला, तो बेकरला चुकवून गेला, मॅन घरी. ५-४. आता पुटआउटची बेरीज करा. ब्रेव्हजचे ३६, बारा त्रिक. ॲथलेटिक्सचे ३३. तीन कमी, म्हणजे बाराव्यात एकही आउट झाला नव्हता. मी पहिल्यांदा केली तेव्हा ३४ आले, अर्धा तास चुकलेला आउट शोधत होतो, शेवटी तो बंट मी सवयीने आउट धरला होता.

१३ ला रुडॉल्फ ३-१, एव्हर्सच्या एका हिटवर दोन रन, संपलं. चारात चार. गाउडी, ज्याची बॅटिंगची सरासरी सीझनभर .२४३ होती, त्याने सिरीजमध्ये ११ पैकी ६, म्हणजे .५४५. ॲथलेटिक्सची पूर्ण टीम .१७२.

काही खाचखळगे. जुन्या पुस्तकांत आणि आजच्या साइटवर आकड्यांत एखाद-दुसऱ्याचा फरक सापडेल, पिचरला विजय कोणाच्या नावावर द्यायचा याचे नियम तेव्हा पक्के नव्हते, डोकं खाजवत बसू नका, एक साइट पकडा आणि तीच धरा. बिल जेम्स नावाचा एक फार मोठा आकडेतज्ज्ञ पण आहे, सर्च केलंत तर तोच आधी येतो, आपला जेम्स वेगळा. स्टॉलिंग्जचे किस्से ऐकाल, तो साध्या सुटाबुटात डगआउटमध्ये बसायचा, अंधश्रद्धाळू इतका की रन निघायला लागले की ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत, वाकलेला तर वाकलेला, गोठून बसायचा असं सांगतात. आपल्याकडे १९८३ ला आणि २०११ ला किती घरांत माणसं सोफ्यावरून हलली नव्हती, तेव्हा हसायचा आपल्याला अधिकार नाही.

फोटो बघायचे असतील तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच बेन कलेक्शनमध्ये या टीमचे आणि सिरीजचे फोटो आहेत, पण ते सिरीज संपल्यावरच बघा, त्याच्या आधी चेहरे आपल्या मनाने बनवलेले बरे. माझा मॅरनव्हिल बरोबर निघाला, एव्हर्स मात्र मी जाड मिशांचा समजत होतो. बोस्टनला कोणी नातेवाईक असेल आणि जाणं झालं तर फेनवे अजून उभं आहे, अजून मॅच होतात.

सिरीज संपल्यावर एक पान रिकामं ठेवा आणि त्यावर १९१५ च्या दोनच गोष्टी लिहा. ॲथलेटिक्स, मॅकने टीम विकून-मोडून टाकली, प्लँक आणि बेंडर हे पिचर फेडरल लीग नावाच्या तिसऱ्या, प्रतिस्पर्धी लीगला गेले, ४३ विजय, १०९ पराभव, आठवे. आणि त्याच्या खाली बिल जेम्स, जुन्या पानावरून ३३२ इनिंगचा आकडा उतरवा आणि त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीचे विजय लिहा. ५. खांदा गेला होता. १९१६ च्या रकान्यात त्याच्या नावापुढे काहीच नाही, तिथे नुसती आडवी रेघ मारा.